ताईचा होकार आणि बदनाम पत्ता

ताईनं होकार कळवला तो मेलनं, आणि ती मेल ज्या सर्व्हरवरून गेली तो सांभाळत होते मी. म्हणून हे सगळं माझ्या गळ्यात आलं. नाहीतर मोठ्या बहिणीच्या लग्नाच्या बोलण्यांत धाकटीला विचारतो कोण? पोह्यांच्या बशा आण, वर शेव घाल, जिरावन मसाला भुरभुर आणि आत जा, एवढंच तिचं काम.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट आहे. आमचं घर धारला. बाबा शाळेतून रिटायर झालेले. पणजोबा कधीकाळी संस्थानात अंमलदार होते. संस्थान गेलं, अंमल गेला, पण वागण्यातली ती कडक इस्त्री आमच्याकडे राहिली. ताई धारलाच एका शाळेत गणित शिकवायची. मी इंदूरला कम्प्युटर शिकले आणि देवासला आत्याकडे राहून नोकरीला लागले. आत्याचे यजमान कारखान्यातल्या नोकरीसाठी साताऱ्याकडून देवासला आले आणि तिथलेच होऊन गेले.

माझी कंपनी म्हणजे इंडस्ट्रियल एरियाच्या रस्त्यावर टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एका खोलीत मालक, दुसऱ्या खोलीत सर्व्हर, एसी आणि मी. एसी सर्व्हरसाठी आहे, तुमच्यासाठी नाही, हे मालकांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. आसपासच्या कारखान्यांची मेल आमच्याकडून यायची-जायची. कोणी गिअर बनवणारे, कोणी गोळ्या-औषधं, कोणी सोयाबीनचं तेल काढणारे. मालक माळव्यातले, सगळ्या जगाला 'भिया' म्हणणारे, मला मात्र 'मैडम'. माणूस वाईट नव्हता, पण लोभी होता. आणि लोभी माणूस गोड बोलायला लागला की माझं डोकं फिरतं.

घरच्यांसाठी मी त्याच सर्व्हरवर मेलचा एक पत्ता काढून दिला होता. केवढी मिरवले होते तेव्हा! बाबांना म्हटलं, आता आपलं स्वतःचं टपाल ऑफिस आहे, सरकारचं तोंड बघायला नको. बाबा म्हणाले, "सरकारी पोस्टमन निदान दार वाजवतो."

तुळशीचं लग्न झालं आणि पुण्याचं स्थळ आलं. ताई तेव्हा तिशी ओलांडलेली. त्याआधी बरीच स्थळं येऊन गेली होती. नकार तोंडानं कोणी देत नाही आमच्यात. लोक येतात, पोहे खातात, धारचा किल्ला बघून येतात, जाताना "कळवतो" म्हणतात आणि मग कळवत नाहीत. फार झालं तर पत्रिका जुळत नाही म्हणतात. गप्प बसले की समजायचं. आणि बाबांचा नियम असा की मुलीकडच्यांनी एकदा शब्द टाकायचा, दुसऱ्यांदा विचारायचं नाही. "दुसऱ्यांदा विचारलं की घरात मुलगी जड झालीय असा अर्थ होतो," असं ते म्हणायचे. मी यावरून त्यांच्याशी अनेकदा भांडले आहे. विचारलं तर काय अंगाला भोकं पडतात? पण ताई कधी भांडली नाही. गप्प बसलेल्या माणसांचा नकार ती मुकाट्यानं समजून घ्यायची आणि वह्या तपासायला बसायची.

पुण्याचा मुलगा मात्र वेगळा वाटला. त्याला आणि ताईला गच्चीवर बोलायला पाठवलं, तर खाली आम्हाला ताईचं हसणं ऐकू आलं. आईनं माझ्याकडे बघितलं, मी आईकडे बघितलं. पाहुण्यांसमोर ताई हसते हे आम्हाला नवीन होतं. ते लोक निघताना मुलाचे वडील म्हणाले, "आम्हाला मुलगी आवडली. तुम्ही सावकाश विचार करा, आणि मुलीलाच लिहू द्या. पत्र-बित्र नको आता, मेल टाका." मुलाची आईही माझ्या आईचे हात हातात घेऊन बोलली. मी आत भांडी आवरत होते, तर ताई मागून आली आणि म्हणाली, "ह्याच्याशी बोलताना मला परीक्षेला बसल्यासारखं नाही वाटलं गं." एवढंच बोलली. पण ताईसारख्या बाईनं एवढं बोलणं म्हणजे पुष्कळ झालं.

पुढच्या रविवारी मी धारला गेले आणि आम्ही दोघी सायबर कॅफेत जाऊन बसलो. ताईनं चार ओळी लिहिल्या. मला हे स्थळ पसंत आहे, आई-बाबांची संमती आहे, पुढचं बोलणं मोठ्यांनी करावं. मी म्हटलं, अगं, जरा काहीतरी गोड लिही, हिशेबाचं उत्तर लिहिल्यासारखं काय लिहितेस! ती म्हणाली, "पसंत आहे म्हटलं, त्यात सगळं आलं." मग तिनं स्वतःच बटण दाबलं.

"गेलं?"

"गेलं."

"आता परत आणता येत नाही ना?" असं विचारून ती हसली. शेजारच्या खुर्चीवर गेम खेळणारा कॉलेजचा पोरगा आमच्याकडे बघायला लागला, इतकी हसली.

मार्गशीर्ष सुरू झाला आणि सरत आला, उत्तर नाही. ताई शाळेतून येताना रोज त्या कॅफेत डोकावायची. मग एक दिवसाआड. मग आईनं मला फोनवर सांगितलं की आता जात नाही. बाबांनी विषय काढला नाही. आमच्या घरात विषय न काढणं हेच बोलणं असतं.

इकडे देवासला एका सकाळी गिअरवाल्या कारखान्याच्या साहेबांचा फोन आला. ते आपल्यातलेच, नागपूरकडचे. म्हणाले, "बाई, आमच्या मेल परत येऊन राहिल्या. पार्टी म्हणते तुमचं काही आलंच नाही." मी परत आलेल्या मेल उघडून बघितल्या. आमचा पत्ता काळ्या यादीत पडला होता.

हे जरा सांगितलं पाहिजे. मेल पाठवणाऱ्या सर्व्हरला एक नंबर असतो, आयपी पत्ता. मेलवर पाठवणाऱ्याचं नाव काही का असेना, घेणारा सर्व्हर आधी तो नंबर बघतो, म्हणजे हे पाकीट कुठल्या दारातून बाहेर पडलं ते. त्या दाराची बदनामी झाली असेल तर पाकीट परत करतो, नाहीतर घेतो आणि न सांगता कचऱ्यात टाकतो. बदनाम नंबरांच्या याद्या जगात ठिकठिकाणी लोक ठेवतात. कोणी एक यादी मानतो, कोणी दुसरी, कोणी कुठलीच नाही. त्यामुळं आपली कुठली मेल पोचते आणि कुठली नाही, याला काही नेम राहत नाही.

बदनामी का झाली, तर आमच्या मालकांनी मला न विचारता नवीन धंदा सुरू केला होता. इंदूरचा एक कोचिंग क्लास आणि प्लॉट विकणारा एक जण, या दोघांच्या जाहिराती हजारो लोकांना मेलनं पाठवायच्या. ज्यांनी मागितल्या नाहीत त्यांना. लोक चिडले, तक्रारी झाल्या. आणि आमच्याकडे सगळ्यांना मिळून एकच दार. जाहिरातवाले त्याच नंबरावरून, गिअरवाले त्याच नंबरावरून, औषधवाले त्याच, आणि माझ्या ताईचा होकारही त्याच. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं.

ताईची मेल! हे डोक्यात आलं आणि मी खुर्चीतून उठलेच. इतक्या जुन्या मेलच्या नोंदी सर्व्हरवर उरत नव्हत्या, म्हणून मी माझ्या बाहेरच्या एका पत्त्यावर घरच्या पत्त्यावरून मेल पाठवून बघितली. ती थेट कचऱ्याच्या डब्यात गेली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सर्व्हर बदनाम झाला म्हणून आनंदानं नाचणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी तिथूनच धारला फोन लावला. ताई सुट्टीमुळं घरीच होती.

"ताई, तुझी मेल पोचलीच नसेल! ते लोक तिकडे तुझी वाट बघत असतील आणि इकडे तू त्यांची!"

ताई म्हणाली, "खरंच?"

तो 'खरंच' मला अजून ऐकू येतो.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता कॅफेत जा, दुसऱ्या पत्त्यावरून परत पाठव, नाहीतर सरळ फोन करा. पण फोन बाबांनी घेतला. "तुझी खात्री आहे का, पोचली नाही म्हणून?"

"नव्याण्णव टक्के."

"उरलेल्या एका टक्क्यात पोचली असेल तर? तर हे दुसऱ्यांदा विचारणं झालं. आणि तेही पत्ता बदलून. म्हणजे पाठलाग केल्यासारखं."

"बाबा, अहो, ते लोक म्हणतील मुलीकडचे गप्प बसले, म्हणजे नकार. दोघंही एकमेकांना नकार समजून बसाल! भिडेपायी लग्न मोडेल!"

बाबा कधी नव्हे ते विचारात पडले. मग म्हणाले, "पौष लागतोय. पौषात तशीही बोलणी करत नाहीत. संक्रांत येईल. तिळगुळाचा निरोप कुणीही कुणालाही पाठवतं, त्यात विचारणं येत नाही. त्याच पत्त्यावरून ताई शुभेच्छा पाठवेल. आधीची पोचली नसेल तर त्यांच्या लक्षात येईल, ते आपणहून विचारतील. तोवर तू तुझं ते दार साफ कर." बाबांनी शोधलेली ही पळवाट मला मनापासून आवडली. म्हातारा माणूस पोरीसाठी नियमाला मुरड घालत होता. आता संक्रांतीपर्यंत घरच्या मेलचं दार साफ करायचं, एवढं एकच माझ्यापुढं होतं.

जुना पत्ता यादीतून इतक्यात सुटणार नव्हता, कारण मालक जाहिराती थांबवायला तयार नव्हते. "मैडम, दुकान चलानी है के नी?" म्हणून मी ठरवलं, दारंच वेगळी करायची. इंटरनेटची लाइन घेतानाच आम्हाला चार-पाच आयपी पत्ते मिळाले होते, वापरात एकच होता. दुसरा एक कोरा पत्ता मी सर्व्हरवर चढवला. मेलच्या प्रोग्रामला नियम लिहून दिले की पाठवणारा जाहिरातवाला दिसला तर मेल जुन्या पत्त्यावरून जाईल, आणि कारखाने आणि आमचं घर नव्या पत्त्यावरून. कागदावर हे दोन वाक्यांचं काम आहे. प्रत्यक्षात मी नियम लिहिले, मेल पाठवली, आलेल्या मेलचं पोट उघडून बघितलं, तर निघाली जुन्याच पत्त्यावरून. नियम पुन्हा लिहिले, तरी तेच. कप्पाळ माझं! घोडं कुठं पेंड खातंय ते कळेना. प्रोग्राम म्हणतो मी नव्या पत्त्यावरून पाठवली, घेणारा म्हणतो मला जुन्यावरून मिळाली. दोघंही छातीवर हात ठेवून खरं बोलणारे.

अखेर घोडं सापडलं ते राउटरपाशी. माझ्या आधी कोणी होता, त्यानं राउटरला सांगून ठेवलं होतं की आतून काहीही येऊ दे, बाहेर पडताना सगळ्यांना एकाच नंबराचा शिक्का मारायचा. म्हणजे मी घरात कितीही वेगळ्या खोल्या केल्या तरी फाटक एकच. ते काढलं. मग पुढचं झंझट. नव्या नंबराला जगानं नाव विचारलं तर त्याला आमचं नाव सांगता आलं पाहिजे, नाहीतर अनोळखी म्हणून दारात घेत नाहीत. ती नोंद लाइनवाल्यांकडे करावी लागते. मी इंदूरला त्यांच्या ऑफिसात गेले. तिथला इंजिनियर म्हणाला, "ये तो आज तक किसीने माँगा नी." मी म्हटलं, भिया, मैं माँग रही हूँ. तो नंतर या म्हणाला. मी त्याच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसून राहिले, ते नोंद होईपर्यंत उठले नाही. त्यानं मला चहाही पाजला, बहुतेक घाबरून.

आणि एवढं करूनही नव्या पत्त्यावर कोणी लगेच भरोसा ठेवत नाही. नवीन सून कशी पहिले काही दिवस हळू बोलते, तसं त्या पत्त्यावरून आधी थोडी मेल पाठवायची, मग वाढवायची. मी तसंच केलं. आधी औषधवाले, मग तेलवाले, मग गिअरवाले. माझ्या बाहेरच्या पत्त्यांवर रोज एकेक मेल पाठवून बघायची. एक दिवस ती कचऱ्यात न जाता नीट वर आली. मी आत्याला फोन करून म्हटलं, आज शिरा कर.

रोज मी ताईला फोन करत होते. "आज राउटर सापडला." "आज नोंद झाली." तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण ती मन लावून ऐकायची. एकदा तिनं विचारलं, "म्हणजे आता कमी राहिलंय ना?" आई म्हणाली की ताई पुन्हा कॅफेत जायला लागली आहे. मला कोण अभिमान वाटला!

आणि मग संक्रांत तोंडावर आली असताना मालकांनी घोळ घातला. सकाळी येऊन बघते तर नव्या पत्त्यावरून प्लॉटच्या जाहिराती निघालेल्या. मालकांनी माझे नियम स्वतः बदलले होते. जाहिराती सगळ्या पत्त्यांवर वाटून, बारीबारीनं. मी त्यांच्या खोलीत गेले, दार वाजवलंही नाही.

"मैडम, सुनो तो. इतने पते हैं तो थोड़ा-थोड़ा सबसे भेजो ना. किसी एक का नाम खराब नी होगा."

"सगळ्यांचं होईल!" मी मराठीतच ओरडले. मला राग आला की हिंदी सुचत नाही. "चोरानं रोज सदरा बदलला तर तो साव होतो का? गल्लीतल्या सगळ्यांची घरं बदनाम करणार तुम्ही! त्या पत्त्यावर माझ्या बहिणीचं..." आणि तिथे मी थांबले. ताईचं लग्न प्लॉटच्या जाहिरातींखाली अडकलंय हे मी ह्या माणसाला काय सांगणार? डोळ्यांत पाणी आलं, आणि रागावलेलं असताना रडू आलं की मला स्वतःचा अजून राग येतो.

मी राजीनामा लिहायला बसले. तेवढ्यात गिअरवाल्या साहेबांचा मालकांना फोन आला. त्यांची सकाळची एक मेल परत आली होती, आणि पुन्हा असं झालं तर दुसरीकडे जाऊ असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. माझ्या रडण्यानं जे झालं नसतं ते त्या फोननं झालं. मालकांनी हात जोडले, "आप जैसा बोलो." मी जाहिराती पुन्हा जुन्या पत्त्यावर ढकलल्या आणि नियम बदलायचा पासवर्ड बदलून टाकला. नवा पत्ता वाचला होता. मी काळ्या याद्या पुन्हापुन्हा तपासल्या, कुठेच त्याचं नाव नव्हतं.

संक्रांतीला ताईनं मेल पाठवली. तिळगूळ घ्या, गोड बोला, आम्हा सर्वांकडून आपणा सर्वांना. मी देवासला सर्व्हरच्या नोंदी उघडून बसले होते. मेल आली, नव्या पत्त्यावरून निघाली, पुण्याच्या सर्व्हरनं घेतली. मी ताईला फोन केला. "पोचली! ह्यावेळी शंभर टक्के!" ती म्हणाली, "बरं झालं बाई," आणि तिच्या आवाजात मला ते गच्चीवरचं हसणं ऐकू आलं.

उत्तर आलं नाही. मी म्हटलं, पौष आहे. पौष संपला. माघ लागला, तरी नाही. मला कळेना. म्हणजे शुभेच्छा मिळाल्या, पण पहिली मेल मिळाली नाही, मग हे विचारत का नाहीत? मग माझ्या लक्षात आलं की तेही आपल्यासारखेच! मुलीनं होकार दिला नाही, नुसता तिळगूळ पाठवला, म्हणजे ही गोड शब्दांतली बोळवण, असंच समजले असणार. तेही गप्प, आपणही गप्प. ह्या भिडेला कुठंतरी कोणीतरी लाथ मारायला हवी होती, आणि आमच्या घरात लाथ मारणारी मी एकटीच.

रथसप्तमीला मी धारला होते. आई हळदीकुंकवाला गेली होती, बाबा त्यांच्या भजनाला. ताई आतल्या खोलीत पेपर तपासत होती. पुढच्या खोलीत फोन, आणि त्याच लाइनला जोडलेला दुसरा फोन आतल्या खोलीत, बाबांना पुढं यावं लागू नये म्हणून. मी ताईला सांगितलं, "मी पुण्याला फोन करतेय."

ती जागेवरून उठली नाही. "नको," म्हणाली.

"मी लग्नाचं विचारणारच नाही. मी सर्व्हरचं विचारेन."

"नको गं."

पण 'नको' हळू म्हणाली, आणि मला वाटलं त्यात 'कर' आहे. मी नंबर फिरवला. मुलाच्या आईनं उचलला. मला ओळखलं, माझी नोकरीसुद्धा विचारली. मग मी ताकाला जाऊन भांडं लपवलं. म्हटलं, काकू, आमच्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये मध्यंतरी बिघाड होता, बऱ्याच मेल पोचल्या नाहीत, म्हणून मी सगळ्यांकडे चौकशी करतेय. तुळशीच्या लग्नानंतर आमच्याकडून तुम्हाला एक मेल होती...

"हो हो, मिळाली होती ना," काकू म्हणाल्या. "त्याच दिवशी. ह्यांनी सगळ्यांना वाचून दाखवली. फार नेटकं लिहिलं होतं हो तुझ्या ताईनं."

त्याच बोलत राहिल्या.

"संक्रांतीचीही मिळाली. खरं सांगू का, तुमच्या घराचं मला फार कौतुक वाटलं. आमच्या मुलाच्या मनात दुसरं होतं, आम्हालाही ते तुमच्याकडून परत आल्यावर कळलं. तुम्हाला काय लिहायचं, कसं लिहायचं, आमची हिंमत झाली नाही. पण तुम्ही समजून घेतलंत. एका शब्दानं पुन्हा विचारलं नाहीत. उलट तिळगूळ पाठवलात. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, किती मोठ्या मनाची माणसं! नाहीतर लोक फोन करकरून जीव खातात."

"हो काकू," मी म्हटलं.

"ताईला सांग हो, मी आठवण काढली म्हणून."

त्यांनी फोन ठेवला. आणि मग लाइनवर आणखी एक खट्ट आवाज आला. आतल्या खोलीतला फोन ठेवल्याचा.

मी आत गेले. ताई पलंगावर बसली होती, मांडीवर पेपरांचा गठ्ठा, हातात लाल पेन. मी बोलायला सुरुवात केली ती शिव्यांनीच. नाही म्हणायला तोंड नव्हतं का त्यांना? आम्हाला आवडली असं आमच्या घरात उभं राहून सांगतात, आणि मग हिंमत होत नाही? चार ओळी लिहायला काय जातं? मी अजूनही तेच म्हणेन. माझं काय चुकलं, हे मी आजही कुणालाही विचारायला तयार आहे. गप्प बसणं म्हणजे नकार, ही कुठली रीत? माणसानं खरं काय ते विचारू नये का?

ताईनं मला बोलू दिलं. मग म्हणाली, "त्यांना कशाला शिव्या देतेस? त्यांनी गप्प राहून सांगितलंच होतं. मला मार्गशीर्षातच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? रडले दोन-चार दिवस. शाळेत स्टाफरूममध्ये कोणी नसताना रडले, घरी रडले नाही. मग झालं. कॅफेत जायचंही सोडलं. बरं वाटायला लागलं होतं मला, खरंच." तिनं पेनाचं टोपण लावलं. "आणि मग तुझा फोन आला, मेल पोचलीच नसेल म्हणून."

मी तिच्या शेजारी बसले. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"रोज सांगायचीस ना तू, आज हे सापडलं, आज ते झालं. मला वाटायचं, ही एवढं करतेय म्हणजे असेल काहीतरी. पहिल्यापेक्षा जास्त वाट बघितली मी ह्यावेळी. संक्रांतीच्या दिवशी तर मी..." ते वाक्य तिनं पुरं केलं नाही. "एका माणसाचा नकार दोनदा पचवावा लागला गं मला. दुसऱ्यांदा तर कानांनी ऐकून."

मी म्हटलं, "ताई, मी तुझ्यासाठीच..."

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि उरलेले पेपर पुढं ओढले.

त्यानंतर ताईनं एकही स्थळ बघितलं नाही. बाबांनी विचारलं, आईनं विचारलं, आत्या देवासहून येऊन समजावून गेली. ताई सगळ्यांना हसून "आता नको" म्हणाली. माझ्यावर ती कधीही रागावली नाही. रागावली असती तर मी भांडले असते, माझी बाजू मांडली असती. तिनं मला तेवढीही जागा दिली नाही, आणि ते मला अजून सोसत नाही.